मेणाची फेरी

बाईची स्तुती करायची असली की आपल्याकडे दोन शब्द तयार असतात. एक सोशीक, दुसरा उरक. "फार सोशीक हो!" नाहीतर "कामाला काय उरक आहे तिला!" दोन्ही शब्द बसून खाणाऱ्यांनी काढलेले आहेत. भिंगरीच्या वाट्याला दुसरा आला होता आणि तो ती मिरवायची.

भिंगरी हे तिच्या बापाने ठेवलेलं नाव. चाळिशी आली, भांगात पांढरं दिसायला लागलं, तरी घरात, गल्लीत आणि कामावर ती भिंगरीच राहिली. सकाळी डोळे उघडल्यापासून तिच्या तोंडी एकच गोष्ट. अंघोळ उरकली, चहा उरकला, केर उरकला, बँकेत जाऊन आले, तेही उरकलं. वहिनी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझं लग्न झालं नाही ते बरंच झालं बाई. नवऱ्याने चपला काढायच्या आत तू संसार उरकला असतास." सगळे हसले. भिंगरी सगळ्यांत मोठ्याने हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीच्या काचांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, हवेत कायम जळक्या मेणाचा वास. खालून डॉक्टर बोळक्या तोंडांची मापं वर पाठवायचे. मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाची हिरडी, मेणात एकेक दात रोवायचा. ही मेणातली कवळी मग परत खाली जायची. खाली ती त्या माणसाच्या तोंडात घालायची, त्याला बोलायला लावायचं, हसायला लावायचं, कुठे अडतंय, कुठे टोचतंय ते बघायचं आणि वर पाठवायची. वर दात सरकवायचे, पुन्हा खाली. याला तिथे मेणाची फेरी म्हणत. मेण आहे तोवर सगळं बदलता येतं. एकदा मेण वितळवून तिथे गुलाबी प्लास्टिक भरलं, की खेळ खलास. मग फक्त घासता येतं.

मालकाला मेणाची फेरी बघवायची नाही. "एकेक म्हातारा चार-चार वेळा दवाखान्यात येणार आणि चार-चार वेळा रडणार. दात नव्हते तेव्हा कशी तक्रार नव्हती?" त्याने भिंतीवर फळा लावला होता. दिवसात कोणी किती कवळ्या डबीत बंद केल्या ते त्यावर लिहिलं जायचं. भिंगरीचा आकडा नेहमी वर. तिने युक्तीच काढली होती. पुढचे सहा दात एकाच वळणाचे, फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, आधीच जुळवून ठेवायचे. तोंड कुणाचंही असो, उचलायचे आणि बसवायचे. फेरी बहुतेक वेळा एकच व्हायची, कधी तीही व्हायची नाही. कवळी घासून तिला चमक आणणारे पॉलिशकाका म्हणायचे, "भिंगरीचं गिऱ्हाईक रस्त्यात लांबून ओळखू येतं. सगळे जुळे भाऊ!"

गिऱ्हाईक कुरकुरलंच तर त्यासाठी एक वाक्य होतं. मालक ते म्हणायचा, पॉलिशकाका म्हणायचे, भिंगरी म्हणायची. "सवय होईल."

भिंगरीच्या बाबांचं नाव बाजारात पुकाऱ्या. फळांच्या घाऊक बाजारात उभी हयात लिलाव पुकारण्यात गेली. पहाटे पेट्यांच्या ढिगावर उभे राहायचे आणि तिथून जो आवाज निघायचा तो फाटकाबाहेरच्या टांगेवाल्याच्या घोड्याला ऐकू जायचा, असं ते स्वतःच सांगायचे. घोडा खरा होता की नाही कुणास ठाऊक. पुढच्या दोन दातांमध्ये आगकाडी जाईल एवढी फट होती. त्या फटीतून त्यांचा 'स' शीळ घालत यायचा. सफरचंद म्हणाले की अर्धा बाजार मान वळवायचा. "एकवार, दोनवार," म्हणून ते थांबायचे आणि गर्दीकडे बघत राहायचे. "तीनवार म्हणायला अक्कल लागत नाही," ते सांगायचे, "ती दोन आणि तीनच्या मध्ये लागते. तिथे थांबता आलं पाहिजे. तिथे गिऱ्हाईकाच्या पोटात कालवतं."

भिंगरीने हे शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरही वेळा हातातलं काम चालू ठेवून ऐकलं होतं.

वय झालं, बाजार सुटला. भिंगरीची आई गेली. दात एकेक करत पडले, उरलेले तीन डॉक्टरांनी काढले. बाबा आता 'स'च्या जागी 'फ' म्हणायचे. गल्लीतली पोरं "आजोबा, फफरचंद म्हणा ना" म्हणून मागे लागायची आणि ते म्हणून दाखवायचे. पण आरशासमोर उभे राहिले की ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

अशात बाजारातला अडत्या घरी आला. अडत्या म्हणजे ज्याच्या गाळ्यावर बाबांनी सगळी वर्षं गळा फाडला तो फळांचा दलाल. बाजाराची नवी शेड उभी राहिली होती. "पहिला लिलाव तुम्हीच पुकारायचा," तो म्हणाला. "एकच पेटी. पण आवाज तुमचा पाहिजे."

तो गेल्यावर बाबांनी जिभेने हिरड्या चाचपल्या. मग म्हणाले, "भिंगरे, होईल का गं तोवर कवळी?"

"तोवर? त्याच्या आधी होईल."

डॉक्टरांनी माप घेतलं तेव्हाच सांगितलं होतं. "हिरड्या अजून ओल्या आहेत. थोडं थांबलीस तर बरं."

"कार्यक्रम ठरलाय डॉक्टर."

"मग मेणात तरी नीट बघ. मी पाठवू का निरोप, येतील ते इथे?"

"कशाला त्यांना हेलपाटा? मी घरचीच आहे ना. घरीच बघते."

मेणातली कवळी तिने डबीत घालून घरी नेली. बाबा शेजारच्यांकडे गप्पा मारत बसले होते. तिने हाक मारली असती तर आले असते. तिने कणीक मळली, कपडे घड्या केले, उद्याची पिशवी भरली. बाबा परत आले तेव्हा डबी पिशवीत होती आणि पिशवी खुंटीला. बापाचं तोंड मला पाठ आहे, असं तिने मनाशी म्हटलं. सकाळी पॉलिशकाकांनी विचारलं, "बघितलं का तोंडात?" ती म्हणाली, "बघितलं." आणि मेण वितळवून टाकलं.

कवळी झाली ती इतकी देखणी की मालकाने ती दोन मिनिटं खिडकीत ठेवली. पुढचे सहा दात, तेच. ओळीत. फट कुठेही नाही.

बाबांनी ती घातली तेव्हा घरातले सगळे भोवती उभे होते. वहिनी म्हणाली, "बाबा, आता सिनेमात जा." दादाने, म्हणजे भिंगरीच्या थोरल्या भावाने, फोटो काढला. बाबांनी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, "झक्काश."

सगळे हसले.

"सवय होईल," भिंगरी म्हणाली.

पहिले काही दिवस बाबा कवळी घालून गल्लीत फिरले. ओठ फाकवून सगळ्यांना दाखवली. लेकीने केली, आठवडा नाही लागला! मग फिरणं कमी झालं. मग गोष्टी कमी झाल्या. जेवताना ते घास गालात ठेवून तसेच बसून राहायचे आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून ताट सरकवायचे. चहात बिस्कीट बुडवून, अगदी चिखल करून, तेवढं खायचे. कोणी काही विचारलं तर मान हलवायचे. ज्या माणसाने हयातभर बोंबलून पोट भरलं, तो हो आणि नाही मानेने सांगायला लागला.

"वय झालं," दादा म्हणाला. दादाला कुठल्याही गोष्टीचं कारण लगेच सापडायचं.

"वय काय गेल्या महिन्यात झालं का?" वहिनी म्हणाली. मग भिंगरीकडे वळून हळूच, "तुझ्याशी काही बिनसलंय का गं त्यांचं?"

"माझ्याशी काय बिनसणार?"

भिंगरीला माहीत होतं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत माणसं 'तिच्या लक्षात आलं नाही' म्हणून सुटतात. तिच्या लक्षात आलं होतं. 'झक्काश' ऐकलं त्याच क्षणी आलं होतं. घास गालात ठेवणारा माणूस का ठेवतो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तोच तिचा धंदा. उठून, दिवा लावून, "बाबा, आ करा" एवढंच म्हणायचं होतं. पण आ केलं असतं तर आत काय आहे ते दिसलं असतं, दिसलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि केलेलं काम पुन्हा करायचं म्हणजे तिच्या लेखी मरण. म्हणून ती त्यांच्याशी स्वयंपाकघरातून बोलायला लागली. पाठमोरी. त्यांनी जांभई दिली की ती खिडकीबाहेर बघायची. कामावर प्लास्टरच्या तोंडांत दिवसभर नाक खुपसून बसणारी ही बाई घरातल्या एका जिवंत तोंडाला तोंड चुकवत होती.

त्यात तिला वाटेत अडत्या भेटला.

"बाबांचा घसा कसा आहे आता?"

"घसा?"

"अहो, निरोप पाठवलान ना त्यांनी. घसा पार बसलाय, दुसरा कोणीतरी बघा म्हणून. आता माझा भाचा पुकारणार. काय सांगू तुम्हाला, एकवारदोनवारतीनवार एका दमात! त्याची गाडी चुकतेय जशी काही. पेटी कोणी घेतली ते घेणाऱ्यालाही कळत नाही." तो हसला आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "काढा द्या हो त्यांना काहीतरी. तो आवाज परत व्हायचा नाही."

भिंगरी कामावर गेलीच नाही. तिथूनच मागे फिरली.

घरात वहिनी नव्हती, दादा नव्हता. मागचं दार उघडं होतं. बाबा मागच्या पायरीवर उकिडवे बसले होते, पाठ दाराकडे. खर्र खर्र असा आवाज येत होता. ते कवळी पायरीच्या दगडावर घासत होते. थोडी घासायची, बोटाने चाचपायची, थुंकी लावायची, पुन्हा घासायची. विळीला धार लावतात तसं. दगडावर गुलाबी भुकटी पडली होती. ती भुकटी भिंगरीने याआधी दोनदा पाणी टाकून धुतली होती. पोरांनी खडू घासला असेल, असं म्हणत.

"बाबा."

त्यांनी कवळी झटकन धोतराच्या सोग्यात लपवली. बिडी ओढताना सापडलेल्या पोरासारखी.

"काय करताय?"

"काही नाही. धार काढतोय जरा," बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले.

"आ करा."

"अगं, काही नाही म्हटलं ना..."

"आ करा!"

त्यांनी आ केलं. खालच्या हिरडीच्या डाव्या बाजूला मांस फाटून पांढरं पडलं होतं. कडेला कवळीने खाचच पाडली होती. वर टाळूला लाल चट्टा. कवळी हातात घेतली तर तिची भलतीच कड घासलेली. जिथे टोचत होतं तिथे हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी जिथे पोचत होता तिथे घासली होती. आता ती टोचतही होती आणि सैलही झाली होती.

"दुखतंय म्हणून सांगायचं नाही?"

"तू एवढी राबून केलीस." कवळीशिवाय त्यांचा 'स' पुन्हा 'फ' झाला होता.

"मी राबले नाही बाबा."

"असं कसं? आठवड्याच्या आत केलीस. गल्लीभर सांगितलं मी." ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिचं सांत्वन केल्यासारखं बोलत होते. "आणि तुझ्या कामावर कळलं असतं तर? म्हणाले असते, बापाची धड करता आली नाही."

"म्हणून बाजारात घसा बसलाय म्हणून कळवलंत?"

"मग काय कळवू? लेकीने तोंडच बसवलं म्हणून?" बाबा स्वतःच्याच कोटीवर हसले. हसताना हिरडीला हवा लागली तसा त्यांनी गाल धरला.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या, कवळी फेकून मारली असती, तर भिंगरीला सोपं गेलं असतं. पण त्यांनी बाजू घेतली होती, आणि तीही तिची. ज्या एका पेटीसाठी तिने घाई केली, ती पेटी त्यांनी तिच्या अब्रूसाठी सोडून दिली होती आणि वर पायरीवर बसून तिचंच काम सुधारत होते.

डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि आधी कवळी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. "ही घालायची नाही. हिरडी भरू दे. मग नवं माप."

"डॉक्टर, कार्यक्रम..."

"हिरडी कार्यक्रम विचारून भरत नाही." मग तिला एकटीला म्हणाले, "तू मेणात बघितलं म्हणाली होतीस."

डॉक्टर हात धुवायला लागले.

वर कामाच्या खोलीत फडताळावर जुने साचे रांगेने मांडलेले असतात. पांढरी, बोळकी, आ वासलेली तोंडं. मालक ते फेकू देत नाही. आलेल्या माणसाला दाखवायला बरे पडतात. भिंगरी इतकी वर्षं त्यांच्याकडे पाठ करून बसायची. त्या दिवशी तिने खुर्ची फिरवली. त्यातलं एकही परत आलं नव्हतं. तक्रार नाही म्हणजे माल चोख, असं मालक म्हणायचा आणि तीही म्हणायची.

"काका, ही माणसं परत का येत नाहीत?"

"बरी बसली म्हणून," पॉलिशकाका चाकावरून मान वर न करता म्हणाले.

"आणि नसली बसली तर?"

"तर पाण्याच्या पेल्यात पडली असेल कुठेतरी. जेवताना काढायची, फोटोला घालायची." त्यांनी चाक थांबवलं. "मला काय विचारतेस? मी फक्त चमक आणतो."

फळ्यावर तिच्या नावापुढे त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही. मालकाने विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं नाही. ते खरंच होतं. तिला त्या फडताळावरच्या प्रत्येक तोंडामागे एक मागची पायरी दिसत होती. कुठेतरी कोणाची सून, कोणाचा मुलगा म्हणत असणार, वय झालं, आताशा बोलत नाहीत. आणि आत सहा दात, तिच्या हातचे, ओळीत. बापाचं तोंड तरी तिला पुन्हा उघडता येणार होतं. ही तोंडं कुठे शोधायची? आणि सापडली तरी म्हणायचं काय? ह्या विचाराला पुढे वाट नव्हती, आणि गंमत अशी की हा एक विचार तिला उरकताही येईना.

शेडचं उद्घाटन झालं. त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. कोणी काही विचारलं नाही. मग ते खुर्चीत बसून पायाची नखं काढत राहिले. दादा जाऊन आला आणि म्हणाला, "काही विशेष नव्हतं." बाबांनी मान हलवली. भिंगरीने ते स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं, आणि ह्या वेळी बघत राहिली.

हिरड्या भरल्यावर नवं माप झालं. डॉक्टरांना तिने सांगितलं, ह्या वेळी तुम्हीही बघाल, पण आधी मला घरी बघू दे. रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. स्पिरिटचा दिवा, मेण कापायची सुरी, मेणात बसवलेले दात. ह्या वेळी पुढचे दोन तिने अंदाजाने जरा वेगळे ठेवले होते. वहिनी भांडी पुसत ओट्याशी उभी होती.

"म्हणा, सफरचंद."

"शफरचंद."

तिने कवळी काढली, सुरी तापवली, मेण हळूच मऊ केलं, दात केसभर आत घेतला, मेण गार होऊ दिलं, परत तोंडात घातली. "म्हणा."

"स्फरचंद. छान आहे गं."

"छान नाही."

"मला वाटतंय छान."

"बाबा, छान म्हणायचं नाही. दुसरं काहीही म्हणा."

"बरं. बरी आहे."

"बरीही म्हणायचं नाही!"

वहिनी फिस्सकन हसली. "माणसाने म्हणायचं तरी काय मग?"

पण भिंगरीला हसू आलं नाही. तिला आता कळलं होतं की बाबांचं 'छान' म्हणजे तिच्या कामावरचं 'सवय होईल'. तोच माल. ह्या माणसाला विचारून काही कळणार नाही. तो तिच्यासाठी खोटं बोलणार, तोंड फाटलं तरी बोलणार. ऐकायचं तर कानानेच. म्हणून ती पुन्हा लावत राहिली. दात बाहेर, दात आत. म्हणा. परत म्हणा. संत्री म्हणा. सोळा, सतरा, सत्तावीस म्हणा. उन्हं टेबलावरून खाली उतरली. वहिनीने चहा आणून ठेवला. बाबांचा हात कपाकडे गेला.

"आत्ता नाही," भिंगरी म्हणाली. "गरम चहाने मेण वितळेल. एवढं एकदा होऊ दे. म्हणा."

"सफ..."

"थांबा." तिने पुन्हा बोटं तोंडात घातली. "हां. म्हणा."

"अगं चहा..."

"म्हणा बाबा. आत्ता होईल. म्हणा पटकन."

बाबांनी टेबलावर हात आपटला. कप बशीत उडाला.

"पुरे!" आवाज असा निघाला की वहिनीच्या हातातली गाळणी पडली. "पटकन काय पटकन? माझं तोंड आहे का काय आहे हे? तेव्हा तुला दात उरकायचे होते, आता माफी उरकायचीय! संध्याकाळच्या आत झाली पाहिजे! तू सगळ्यांना असंच केलंस. आईला असंच भरवायचीस. घास गिळू द्यायची नाहीस तिला. एक घास तोंडात आहे तर दुसरा घास ओठाशी तयार. वाटी संपली की झालं. ती माझ्याकडे बघायची. तू बघायचीस वाटीकडे!"

ओट्यावर दूध उतू गेलं तरी वहिनी हलली नाही.

भिंगरीच्या कानाने आधी 'स' ऐकला. घास. तिन्ही वेळा स्वच्छ, धारदार, मागे बारीक शीळ. तो जागेवर आला होता. आणि मग, एका श्वासाने मागे, तो शब्द कशाचा आहे ते पोचलं. आधी 'स' ऐकला ह्याची लाज तिला त्या वाक्याहूनही जास्त वाटली.

कोणी तिच्याशी हे बोललं नव्हतं. आईच्या आजारपणात आलागेला म्हणायचा, भिंगरी आहे म्हणून निभतंय, काय उरक आहे पोरीला. बाबा तेव्हा खाटेच्या पायथ्याशी बसलेले असायचे. त्यांनीही मान डोलावली होती. इतकी वर्षं त्यांनी ते गालात ठेवलं होतं.

बाबा स्वतःच दचकले होते. हात टेबलावर तसाच होता. त्यांनी तोंड उघडलं. 'तसं नव्हतं गं' असलं काहीतरी येणार हे तिला दिसलं.

"नको," ती म्हणाली. "आता छान म्हणू नका."

तिने अंगठा आणि बोट आत घालून मेणाची कवळी अलगद सोडवली आणि गार पाण्याच्या वाटीत ठेवली. मग कप त्यांच्यापुढे सरकवला. बाबा चहा प्यायला लागले. ते घोट घ्यायचे, टेकवायचे, बशीकडे बघायचे, पुन्हा उचलायचे. चहा निवला असणार. तिचे हात दोनदा आपोआप उठले, सुरीकडे, दिव्याकडे, ओट्यावरच्या सांडलेल्या दुधाकडे. तिने ते मांडीवर घेऊन ठेवले. वहिनीने कोपऱ्यात फडकं शोधलं आणि पुसायला लागली. बाबांनी तळाचा घोटही चुळीसारखा तोंडात फिरवून मग गिळला.

त्यांनी कप ठेवल्यावरही ती काही वेळ बसून राहिली.

मग म्हणाली, "आईचं काय म्हणत होतात, ते परत सांगा. सगळं सांगा. सावकाश."

तिने वाटीतली कवळी उचलून पुसली. बाबांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि तोंड उघडलं.